डोंबिवली ते अंधेरी, किकऑफ साडेसात: मॅच डेच्या प्रवासाचा रिव्ह्यू

लोक मिक्सरचे रिव्ह्यू टाकतात, मिसळीचे टाकतात, पण मुंबईत फुटबॉल मॅचला जायचं कसं आणि मुख्य म्हणजे परत यायचं कसं याचा रिव्ह्यू मला कुठे सापडला नाही, म्हणून हा घ्या. मी डोंबिवलीचा. मुंबई सिटी या फुटबॉल टीमच्या होम मॅचेस बघायला गेली कित्येक वर्षं अंधेरीला जातोय, आधी एकटा, मग मित्रांबरोबर, आणि आता गेले दोन सीझन ताईचा मुलगा बरोबर असतो, वय वर्ष अकरा, आकाशी जर्सी त्याला दोन साइज मोठी आहे कारण ताईने "वाढत्या अंगाची घे" म्हणून सांगितलेलं. त्याला न्यायची अट एकच, रात्री साडेअकराच्या आत घरी. ही अट लक्षात ठेवा, पुढे सगळं हिच्यावरच फिरणार आहे.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मुंबईची टीम आयएसएलचे (इंडियन सुपर लीगचे) पहिले दोन सीझन, म्हणजे २०१४ आणि २०१५, नेरुळच्या डी वाय पाटीलला खेळायची, २०१६ पासून अंधेरी वेस्टला आली, शहाजी राजे क्रीडा संकुलातलं ते छोटं स्टेडियम, वीरा देसाई रोडवर. छोटं म्हणजे खरंच छोटं, वानखेडेच्या मानाने तर अंगण. पण मजा तीच आहे, गोलकीपरने शिवी दिली तर ऐकू येते. आणि छोटं असल्याचा दुसरा फायदा असा की मॅच सुटली की सहा-सात हजार माणसं बाहेर पडतात, जी संध्याकाळच्या अंधेरी स्टेशनच्या हिशोबाने काहीच नाहीत, तिथे तेवढी एका ब्रिजवर असतात.

तर जायचा रस्ता. डोंबिवलीहून घाटकोपरपर्यंत फास्ट लोकल, घाटकोपरहून मेट्रो १, आझाद नगरला उतरायचं, पुढे पायी. बस. याच्यात कुठलीही हुशारी करायची नाही. मी सगळ्या हुशाऱ्या करून बघितल्यात, दादरला उतरून वेस्टर्न पकडणे, ठाण्याहून रोडने जाणे, एकदा तर पवईमार्गे एका मित्राच्या गाडीतून गेलो आणि फर्स्ट हाफ जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर रेडिओ ऐकत काढला.

लोकलचा हा पार्ट सगळ्यात सोपा, कारण संध्याकाळी पाचला डोंबिवलीहून मुंबईकडे जाणारी गाडी म्हणजे उलट्या दिशेची, खिडकी मिळते. डोंबिवलीकराला संध्याकाळी खिडकी मिळणे म्हणजे काय हे बाकीच्यांना कळणार नाही. भाचा खिडकीत, मी चौथ्या सीटवर, कळवा खाडीवर वारा, समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दारात लोंबकळणारी माणसं आपल्याकडे अशी बघतात जसं काय आपण फिरायला निघालोय, आणि तेव्हा आपण खरंच फिरायला निघालेलो असतो. रविवारी मॅच असेल तर मेगाब्लॉक बघून घ्या, तो साधारण दुपारपर्यंतच असतो आणि संध्याकाळच्या मॅचच्या आड येत नाही, पण ब्लॉक संपल्यावर पहिला तास गाड्या अंगात आल्यासारख्या येतात, एकदम तीन आणि मग एकही नाही, त्यामुळे अर्धा तास हाताशी ठेवूनच निघा.

घाटकोपरला मात्र कंबर कसायची. मेट्रो १ सुरू झाली ८ जून २०१४ ला, म्हणजे आयएसएल पण त्याच वर्षी, दोघं जुळी भावंडं म्हणायला हरकत नाही. वर्सोवा ते घाटकोपर ११.४ किलोमीटर, १२ स्टेशनं, चार डब्यांची गाडी, आणि पूर्ण लाइन वीस-बावीस मिनिटांत. तिकीट कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ४० रुपये. तिकीट व्हॉट्सअॅपवर निघतं, ते लोकलमध्ये बसूनच काढून ठेवा, खाली उतरून रांगेत उभं राहून काढू नका, आणि परतीचं पण लगेच काढा. फोनची बॅटरी सांभाळा, मॅचभर स्टोऱ्या टाकत बसलात तर परतीला क्यूआर दाखवायला फोन जिवंत नसतो. हे माझ्याबाबतीत झालंय आणि चूक शंभर टक्के माझी होती.

बॅग चेकिंगला झेंड्याची काठी बघून एका गार्डने आम्हाला बाजूला घेतलं होतं. भाच्याचं तोंड एवढंसं. "कशाला रे काठी?" तर हा म्हणतो, "काका, मॅच आहे." "कसली, क्रिकेटची?" "नाही, फुटबॉलची." गार्डकाकांनी काठी हातात घेऊन वाकवून बघितली, प्लास्टिकचा पोकळ पाइप निघाला, म्हणाले, "ही काठी आहे होय, हिने तर डास पण मरणार नाही," आणि सोडलं. तेव्हापासून आम्ही झेंडा गुंडाळून खिशात नेतो आणि काठीच्या भानगडीत पडत नाही.

आता मेट्रोतला तो भाग जो मला सगळ्यात आवडतो, आणि ज्याच्यासाठी मी या रूटला पाच स्टार देतो. घाटकोपरहून गाडी निघते तेव्हा डब्यात आकाशी जर्सीवाले कुठेतरी विखुरलेले असतात, एक दाराशी, दोन पलीकडे, एकमेकांशी ओळख नाही. मग साकीनाका, मरोळ, चकाला करत ऑफिसवाले भरत जातात, गळ्यात आयकार्ड, पाठीवरची बॅग पोटावर, आणि जर्सी दिसेनाशा होतात, नुसती माणसं. भाचा माझ्या आणि एका लॅपटॉप बॅगेच्या मध्ये सँडविच. मग अंधेरी येतं आणि दार उघडतं आणि तो सगळा लोंढा वेस्टर्न लोकल पकडायला एका श्वासात उतरून जातो, आणि दार बंद होतं तेव्हा डब्यात जे उरतात ते जवळजवळ सगळे आकाशी. सगळे एकमेकांकडे बघतात. हसतात. अंधेरी ते आझाद नगर पुढचं एकच स्टेशन, पण त्या दीड-दोन मिनिटांत कोणीतरी खांबावर ताल धरतोच आणि उतरेपर्यंत अख्खा डबा ओरडत असतो, आणि वर्सोव्याला घरी जाणाऱ्या दोन-तीन बायका कानावर हात ठेवून हसत असतात. स्टेडियममध्ये शिरायच्या आधी मॅच सुरू होते ती इथे.

आझाद नगरला जिना उतरलं की जेपी रोड, तिथून वीरा देसाईवरून चालत पाच-दहा मिनिटं, कोणाला विचारायची पण गरज नाही, जर्सीच्या मागे चालत राहा. वाटेत वडापाव खाऊन घ्या. पोटात काहीतरी घालूनच आत जा, हा सल्ला फुटबॉलचा नाही, आईचा आहे.

जे वेस्टर्न लाइनने येतात त्यांना अंधेरीला उतरून पुढे मेट्रोचं एकच स्टेशन, १० रुपये. किंवा सरळ चालत या, वीसेक मिनिटं लागतात. बसही आहेत, बेस्टचं भाडं मे २०२५ पासून साधं १० आणि एसी १२ झालंय, तरी पण स्वस्तच. पण मॅचच्या दिवशी बसची वाट बघण्याएवढा धीर माझ्यात नाही, हा दोष माझा, बसचा नाही.

आणि आता रिक्षा. एक स्टार, तोही देतोय कारण शून्य देता येत नाही.

अंधेरी वेस्टच्या बाहेर साडेसहाला उभं राहून "वीरा देसाई" म्हणा. पहिला मान हलवतो. दुसरा बघत पण नाही, त्याच्यासाठी आपण खांब. तिसरा थांबतो, कुठे विचारतो, ऐकतो, आणि निघून जातो, हा सगळ्यात वाईट कारण याने आशा दाखवली. चौथा म्हणतो "मॅच है ना, उधर जाम है, डेढसौ". मीटरचं मिनिमम भाडं २६ रुपये आहे फेब्रुवारी २०२५ पासून, आणि अंतर एवढं की मीटर त्या २६ च्या फार पुढे जाऊच शकत नाही. बरं, त्याचं एक म्हणणं खरं आहे, जाम असतोच. एकदा उशीर झाला म्हणून मी दीडशे कबूल केले, बसलो, आणि जेपी रोडवर मेट्रोच्या खांबांच्या मध्ये असा अडकलो की डोक्यावरून दोन मेट्रो गेल्या, दोन्ही मी मोजल्या. शेवटी उतरून चालत गेलो, पैसे पूर्ण दिले, राष्ट्रगीत चुकलं. तेव्हापासून भाचा मला रस्त्यात रिक्षा दिसली की "मामा, डेढसौ" करून चिडवतो.

अॅपवाल्या कॅबचं नाव घेत नाही, पण मॅच सुटल्यावर त्या अॅपवर जो आकडा दिसतो तो बघून मला पहिल्यांदा वाटलं की हा माझा फोन नंबर आहे. आणि बुक केली तरी ड्रायव्हरचा फोन येतो, "ड्रॉप किधर है?", डोंबिवली म्हटलं की तिकडे शांतता. मग तो पण कॅन्सल करत नाही आणि आपण पण नाही, कारण जो करेल त्याला दंड. एकदा असा चौदा मिनिटं दोघांचा सामना चालला होता. मीच हरलो.

पूर्वेकडून रस्त्याने येणाऱ्यांचे हाल मी सांगायला नकोत. गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला तेव्हा अंधेरी पूर्वेचा माझा एक मित्र, ज्याला स्टेडियम कावळ्याच्या उड्डाणाने दोन-तीन किलोमीटर आहे, तो माझ्यापेक्षा उशिरा पोचायचा आणि मी डोंबिवलीहून येतोय. त्याच सीझनला टीमने आयएसएलची लीग शिल्ड जिंकली आणि हा प्रत्येक मॅचला पंधराव्या मिनिटाला घाम पुसत येऊन "कितीला कितीये?" विचारायचा. मग फेब्रुवारी २०२४ ला पुलाची एक बाजू उघडली तर ती शेजारच्या बर्फीवाला फ्लायओव्हरला जुळेचना, दोघांच्या उंचीत माणूसभर फरक, अख्ख्या देशाने फोटो बघून हसून घेतलं. जुलै २०२४ ला ते जोडलं आणि मे २०२५ ला पूर्ण पूल सुरू झाला. तो मित्र तोपर्यंत मेट्रोवाला झाला होता, आता पूल आहे तरी मेट्रोनेच येतो, म्हणतो विश्वास राहिला नाही.

आता परतीचं. खरा रिव्ह्यू इथे आहे.

साडेसातची मॅच संपते साडेनऊच्या आसपास, दुखापतीचा वेळ वगैरे धरून. आता स्टेडियमचा ८० व्या मिनिटाचा सीन बघा, एकदा मॅच सोडून स्टँडकडे बघा. आधी विरार-वसईवाले घड्याळ बघायला लागतात. मग कल्याण-बदलापूरवाले. पनवेलवाला तर हाफटाइमलाच अस्वस्थ असतो, त्याने ऑफिसातून निघतानाच शेवटच्या गाडीचा हिशोब केलेला असतो. ८५ व्या मिनिटाला एक-एक उठायला लागतो, वाकून, सॉरी सॉरी करत, पायऱ्या उतरताना मान मागे वळवलेली. नवीन लोक यांना शिव्या घालतात, हे कसले फॅन, टीम एकने मागे आहे आणि हे चालले. मी पण घालायचो, लग्न व्हायच्या आधी. टीव्हीवर इंग्लंडमध्ये पण लोक मॅच संपायच्या आधी उठून जाताना दिसतात, पार्किंगमधून गाडी काढायची घाई असते म्हणे. आपल्या माणसाकडे कुठली आलीये गाडी, त्याच्याकडे १०:१२ ची आहे, आणि ती चुकली तर पुढची ठाण्याहून पुढे जात नाही किंवा तिच्यात पाय ठेवायला जागा नाही किंवा डोंबिवली स्टेशनबाहेर शेअर रिक्षा संपलेल्या आहेत. गाडी दहा मिनिटांनी असते पण उशीर एका तासाचा होतो, हे फक्त लांब राहणाऱ्याला कळतं.

मी एकदा ८८ व्या मिनिटाला उठलो. मॅच कुठली ते सांगत नाही, जखम ताजी आहे. बरोबरीत चालली होती, टाइमपास चालला होता, भाचा पेंगत होता, म्हटलं चल. गेटमधून बाहेर पडलो, वीरा देसाईवर आलो, एका पानाच्या टपरीसमोर होतो आणि मागून आवाज आला. ज्याने तो आवाज ऐकलाय त्याला सांगायला नको. आधी एक सेकंद काहीच नाही आणि मग भिंतीपलीकडून सहा हजार माणसं एकदम. भाचा खडबडून जागा झाला, म्हणाला, "मामा, गोल झाला." म्हटलं हो. म्हणे, "आपला?" म्हटलं आवाजावरून आपलाच. पानवाला पण हात थांबवून स्टेडियमकडे बघत होता. मग हा अकरा वर्षांचा पोरगा मला काय म्हणाला असेल, "आपण तिकीट काढून टपरीवर मॅच बघितली." आणि एवढं करून घाटकोपरला गेलो तर ती फास्ट वीस मिनिटं लेट होती.

तेव्हापासून माझा नियम बदलला. शिट्टी वाजेपर्यंत उठायचं नाही, पण शिट्टी वाजली की टाळ्या वाजवत थांबायचं पण नाही, प्लेयर राउंड मारायला येतात ते पुढच्या वेळी बघू. पहिल्या लोंढ्यात बाहेर, झपझप आझाद नगर, परतीचं तिकीट फोनवर तयार. या वेळी मेट्रो बऱ्यापैकी मोकळी असते, उभं राहायला नीट जागा, एसी, आणि घामेजलेल्या जर्सीवर तो एसी असा लागतो की काय सांगू. पावणेदहा-दहाला मेट्रोत, साडेदहाच्या आत घाटकोपरहून गाडीत, अकरा-सव्वाअकराला डोंबिवली. ताईच्या फोनला "ठाणं गेलं" एवढंच उत्तर द्यायचं, ठाणं गेलं म्हटलं की घरचे शांत होतात.

पण बघा, हे सगळं माणूस कुठे राहतो त्याच्यावर. माझ्या ऑफिसमधली एक मैत्रीण मालाडची आहे, ती शेवटपर्यंत थांबते, प्लेयर्सना टाटा करते, सेल्फी काढते, मग आरामात चालत डी एन नगरच्या बाजूला अंधेरी वेस्ट स्टेशनवरून मेट्रो २ए पकडून माझी गाडी मुलुंडला असेपर्यंत घरी वरणभात खात असते. ही लाइन जानेवारी २०२३ ला अंधेरी वेस्टपर्यंत आली, त्याच्या आधी ती पण ८० व्या मिनिटवाली होती. तिचं स्पष्ट म्हणणं आहे की रात्री एकट्या मुलीला मॅचला जाता येतं की नाही हे टीमच्या फॉर्मवर नाही, स्टेशन ते घर शेवटचा अर्धा किलोमीटर कसा आहे त्याच्यावर असतं. गिरगावचा एक मित्र ऑक्टोबर २०२५ पासून खुशीत आहे कारण मेट्रो ३ कफ परेडपर्यंत सुरू झाली, मरोळ नाक्याला बदलायचं आणि जमिनीखालून सरळ गिरगाव. फक्त तिची शेवटची गाडी साडेदहाच्या आसपास सुटते त्यामुळे त्याला पण शिट्टी वाजली की पळावं लागतं. आणि कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर काही असेल तर विधान भवन स्टेशन आता जवळ पडतं, आमच्या वेळी चर्चगेटहून मैदानांच्या कडेने चालत जायचो. त्यात पण मजा होती म्हणा.

पावसाचं वेगळं सांगायला हवं. ४ जून २०१८. ज्यांना आठवतंय त्यांच्या अंगावर काटा आला असेल. १ जूनला इंडियाने चायनीज तैपेईला ५-० ने हरवलं, कॅप्टन सुनील छेत्रीची हॅटट्रिक, आणि बघायला होते अडीच हजारांच्या आसपास. मग छेत्रीने तो व्हिडिओ टाकला, शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियममध्ये या. दोन दिवसांनी केनियाची मॅच, त्याची शंभरावी, आणि अंधेरीला तिकीट मिळेना. आणि पाऊस! जूनचा पहिला पाऊस कसा असतो, ढग फुटल्यासारखा. मैदानात पाणी, बॉल जागेवर थांबतोय, पहिला हाफ कोरडा, म्हणजे गोलच्या हिशोबाने कोरडा, बाकी सगळं ओलं. मग सेकंड हाफला तीन गोल, दोन छेत्रीचे, एक जेजेचा. मी त्या दिवशी चपला हातात घेऊन आझाद नगरला आलो, मेट्रोत जो माणूस चढत होता तो पाणी गाळत चढत होता, डब्याच्या फरशीवर ओहोळ, आणि एसी फुल्ल. थंडीने दात वाजतायत आणि सगळे गातायत. रुळांवर पाणी आलं की पुढे काय होतं हे मुंबईत कोणाला सांगायची गरज नाही, म्हणून त्या काळजीत लोक गाता गाता मध्येच ट्रेनचं अॅप उघडून बघत होते. जूनमधल्या मॅचसाठी सल्ला एकच, प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरडा टीशर्ट. छत्री आत चालत नाही आणि चालली असती तरी मागच्याने मारलं असतं.

अंधेरीच्या बाहेरच्या "होम" मॅचेस म्हणजे तर वेगळाच विषय. २०२३ ला आशियाई चॅम्पियन्स लीगला क्वालिफाय झालो, आनंद झाला, मग कळलं पहिली होम मॅच पुण्यात बालेवाडीला, १८ सप्टेंबरला. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. आता सांगा, घरात मखर अर्धवट, मूर्ती आणायची, बायको हातात यादी घेऊन उभी आणि मी म्हणायचं की मी जरा पुण्याला इराणच्या टीमशी मॅच बघून येतो? नाही गेलो. ०-२ हरलो, बाप्पाने वाचवलं. मग ६ नोव्हेंबरला सौदीची अल हिलाल, नेरुळला. तिकीट काढण्यामागे त्यांचा ब्राझीलचा स्टार नेमार होता, खोटं कशाला बोलू, पण ऑक्टोबरमध्येच ब्राझीलकडून खेळताना त्याचा गुडघा गेला. तरी गेलो. जायला झकास, डोंबिवली-ठाणे आणि ठाण्याहून ट्रान्सहार्बर थेट नेरुळ. पण किकऑफच उशिराचा, परतीचं गणित कितीही वेळा मांडलं तरी हातचा येईना, शेवटी नेरुळच्या मावसभावाकडे मुक्काम ठोकला आणि वहिनीने रात्री बाराला पिठलं टाकलं. आयुष्यातलं बेस्ट पिठलं. हरलो होतो ०-२, पण कबूल करतो, पिठल्याची चव जास्त आठवते.

आणि त्याच नेरुळला जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले आलं तर गोरेगाव ते नेरुळ स्पेशल लोकल सुटली. म्हणजे सोडता येते. गाणाऱ्या गोऱ्यांसाठी येते, फुटबॉलसाठी का नाही, तर उत्तर मला पण माहितीये, आम्ही तेवढे नाही. कोलकात्याला सॉल्ट लेक स्टेडियम नावाचं मेट्रो स्टेशनच आहे, कोचीला पण स्टेडियमच्या दारात मेट्रो. जर्मनीत बऱ्याच क्लबांच्या मॅचच्या तिकिटावरच त्या दिवशीचा बस-ट्रेनचा प्रवास फुकट असतो. कतारला २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये फॅनकार्ड दाखवलं की मेट्रो फुकट, आणि तो उंच खुर्चीवर बसून "मेट्रो? धिस वे" करणारा केनियाचा पोरगा तर स्टार झाला. आमचा भाचा आझाद नगरच्या जिन्यावर तेच करतो, हात लांब करून, "मेट्रो? इकडे!" आणि एकदा खरंच एक आजोबा त्याच्या बोटाच्या दिशेने गेले. बरोबरच दिशा होती, काळजी नसावी.

रात्री साडेबाराच्या युरोपवाल्या मॅचेस पबमध्ये बघणाऱ्यांना काय रिव्ह्यू देऊ, त्यांना परतीचं ट्रान्सपोर्ट नाहीच. मॅच संपते अडीचला, पहिली गाडी चारनंतर. मधला दीड तास मी चहावाल्या सायकलशेजारी काढलेला आहे, हरलेल्या टीमची जर्सी घालून, आणि जिंकलेल्या टीमचा पण एक बाजूलाच बसलेला. त्या वेळेला भांडण होत नाही, दोघांना झोप आलेली असते. पहिल्या लोकलमध्ये भाजीवाले आणि मासेवाल्या आणि आम्ही दोन जर्सीवाले. एका मावशीने टोपली सरकवून मला बसायला जागा दिली, "नाइट ड्युटी का रे?" म्हटलं हो.

हिशोब करायचा तर लोकल चार स्टार, जाताना पाच आणि येताना तीन. मेट्रो पाच. चालणे पाच, कोणी मोजत नाही पण तेच सगळ्यात भरवशाचं. रिक्षा एक, अॅपवाली कॅब त्याच्याही खाली. बसला देत नाही, मी थांबतच नाही तर देणार कसे. पोरं बरोबर असतील तर गर्दीत हात नाही, मनगट धरा. पाण्याची बाटली आधी पिऊन संपवा.

आणि चेहऱ्याला रंग लावणार असाल तर ओला रुमाल विसरू नका. मागच्या मॅचला भाच्याने दोन्ही गाल आकाशी रंगवून घेतले होते. परतीच्या गाडीत घाटकोपरला कशीबशी जागा मिळाली, आणि विक्रोळी यायच्या आत हा शेजारच्या काकांच्या खांद्यावर डोकं ठेवून गाढ झोपला. काका भले माणूस, हलले पण नाहीत, पेपर पण हळू उलटत होते. पांढरा इस्त्रीचा शर्ट. ठाण्याला ते उठले तेव्हा बाहीवर गालाच्या आकाराचा निळा ठप्पा होता, आणि मी तो बघितला, आणि काही बोललो नाही. काका, हे वाचत असाल तर सॉरी, तो डाग साध्या साबणाने निघतो.